इलेक्ट्रिक गाड्यांवरचं टॅरिफ आणि सबसिडी: बातमी आली की नेमकं काय तपासायचं

टॅरिफ (म्हणजे आयात शुल्क, त्यालाच ड्युटी पण म्हणतात) लागलं म्हणजे गाडी महाग, सबसिडी आली म्हणजे गाडी स्वस्त, एवढं धरून बहुतेक जण पुढच्या बातमीकडे वळतात आणि मग सहा महिन्यांनी किंमत जागची हललीच नाही किंवा भलतीकडेच गेली की डोकं खाजवत बसतात. माझं मत सरळ आहे, इलेक्ट्रिक गाड्यांच्या धंद्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरायच्याच नाहीत. दोन्हीचा रोख एकाच ठिकाणी असतो, गाडीचा कारखाना आणि त्याहून जास्त बॅटरीचा कारखाना कोणाच्या हद्दीत उभा राहणार. गिऱ्हाईकाला पडणारी किंमत त्या ओढाताणीत मधल्यामधे वरखाली होते इतकंच. बातमी आली की मी ज्या गोष्टी बघतो त्या खाली लिहितोय, क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालतं, पण पहिली पायरी मात्र सोडू नका.

टक्का कशावर आहे ते आधी बघा

मथळ्यातला टक्का शोरूमच्या किमतीवर नसतो. तो कस्टमवाल्यांनी मान्य केलेल्या आयात मूल्यावर असतो, म्हणजे परदेशातल्या कंपनीने आपल्याच आयात करणाऱ्या शाखेला जो भाव लावला त्यावर. युरोपात त्यात बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरतात, अमेरिकेत धरत नाहीत. त्यामुळे दोन देशांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करायची तर हाही फरक लक्षात ठेवा.

एक हिशोब करून बघू, आकडे समजुतीपुरते घेतलेत. युरोपात एक चिनी गाडी शोरूममधे व्हॅट धरून ४०,००० युरोला विकली जाते आणि बंदरावर तिचं मूल्य २०,००० युरो आहे. नेहमीची कार ड्युटी १० टक्के, ती सगळ्यांना लागते म्हणून सोडून देऊ. आता वरून १७ टक्के जादा ड्युटी आली, म्हणजे ३,४०० युरो. कंपनीने हा सगळा बोजा गिऱ्हाईकावर ढकलला आणि व्हॅट २० टक्के असेल तर शोरूमची किंमत ४,०८० ने वाढते, कारण ड्युटीच्या रकमेवर पण व्हॅट बसतो. ४०,००० वर ४,०८० म्हणजे साधारण १० टक्के. बातमीत १७ ऐकलं, प्रत्यक्षात जास्तीत जास्त १०, आणि तेही कंपनीने एक पैसा स्वतःच्या खिशातून घातला नाही तर.

आणि घालायला खिसा बऱ्याचदा भरलेला असतो. चीनमधे गाड्यांच्या किमतींची जी जीवघेणी स्पर्धा चाललीये तिच्यामुळे तिथे नफा जवळजवळ नाही, पण तीच गाडी युरोपात कितीतरी जास्त भावात जाते. २०२४ मधे र्‍होडियम ग्रुप या संशोधन संस्थेने मांडलं होतं की युरोपची बाजारपेठ चिनी कंपन्यांना खरंच नकोशी करायची असेल तर ड्युटी ४० ते ५० टक्के लागेल, आणि बीवायडीसारख्या बॅटरीपासून बोटीपर्यंत सगळं घरचं असलेल्या कंपनीसाठी कदाचित त्याहूनही जास्त. म्हणून प्रश्न नेहमी असा विचारायचा, आयात मूल्य आणि शोरूम यांच्यामधे किती जागा शिल्लक आहे? जागा मोठी असेल तर टॅरिफ नफा खातं. जागा नसेल तरच ते किमतीत उतरतं.

टक्क्याऐवजी ठोक रक्कम असेल तर गणित उलटं फिरतं. तुर्कस्तानने २०२४ मधे चिनी गाड्यांवर ४० टक्के जादा शुल्क लावलं आणि सोबत किमान ७,००० डॉलर अशी अट घातली. ३०,००० डॉलरच्या गाडीला या किमान रकमेने काही फरक पडत नाही, ४० टक्केच १२,००० होतात, पण १०,००० डॉलरच्या छोट्या गाडीवर ७,००० म्हणजे ७० टक्के झाले की. स्वस्त गाडीच अडवायची होती हे त्या एका ओळीत कळतं.

आकडा गोल आहे का दशांश चिन्हवाला

हा माझा आवडता ठोकताळा. १००, २५, ४० असे गोल आकडे दिसले की समजायचं निर्णय राजकीय आहे. ७.८, १८.८, ३५.३ असं काही दिसलं की कोणीतरी बसून हिशोब केलाय. दर वेळी बरोबर येतो असं नाही (युरोपची नेहमीची ड्युटी १० टक्के आहे, चीनची स्वतःची आयात गाड्यांवरची १५, त्यात राजकारण फारसं नाही) पण नव्या बातमीला चालतो.

युरोपची गोष्ट घ्या. सप्टेंबर २०२३ मधे युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी भाषणात चिनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडीची चौकशी जाहीर केली, ऑक्टोबरमधे ती सुरू झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी जादा ड्युटी लागली. टेस्लाच्या शांघायच्या गाड्यांना ७.८ टक्के, बीवायडीला १७, जीलीला १८.८, चौकशीत सहकार्य केलेल्या बाकीच्यांना २०.७, आणि साइक (एमजी ब्रँडची मालक चिनी कंपनी) व सहकार्य न केलेल्यांना ३५.३. ही सबसिडीविरोधी ड्युटी आहे, जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) नियमाप्रमाणे जेवढी सबसिडी मोजून सिद्ध झाली त्यापेक्षा जास्त लावता येत नाही, म्हणून प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा. स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, बॅटरी आणि कच्चा माल बाजारभावापेक्षा कमी दरात, टॅक्समधल्या सवलती, असं सगळं मोजलं गेलं. कागदपत्रं द्यायला टाळाटाळ केली की सरकार हाताशी असलेल्या माहितीवर आकडा लावतं आणि तो आकडा कधीच कंपनीच्या सोयीचा नसतो.

आता अमेरिका. मे २०२४ मधे बायडन सरकारने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के जाहीर केले, सप्टेंबरअखेर ते लागू झाले. कुठल्या कंपनीला किती सबसिडी मिळाली याच्याशी त्या १०० चा संबंध नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हा तिथे चिनी इलेक्ट्रिक गाड्या विकल्याच जात नव्हत्या म्हटलं तरी चालेल, कारण २०१८ पासूनचं २५ टक्के टॅरिफ आणि नेहमीचे २.५ मिळून २७.५ टक्के आधीच होते. म्हणजे तो टॅरिफ आजच्या किमतीवर नव्हताच, पुढे कोणी येऊ नये म्हणून घातलेली भिंत होती. अशा बातमीनंतर "आता अमेरिकेत गाड्या महागणार" असं कोणी लिहिलं की सरळ विचारा, आत्ता किती येतायत? शून्यावर १०० टक्के शून्यच होतात.

ब्रँड बघू नका, गाडी कुठे जुळली ते बघा

ड्युटी ब्रँडला लागत नाही, ती मूळ देशाला लागते. वरच्या यादीत टेस्ला दिसते ती याचमुळे. बीएमडब्ल्यूच्या घरची इलेक्ट्रिक मिनी आणि फोक्सवॅगन गटाची कुप्रा तावास्कान या दोन्ही चीनमधे बनतात म्हणून दोघींना २०.७ टक्के लागले. जर्मनीने युरोपच्या मतदानात ड्युटीच्या विरोधात मत का दिलं ते आता लक्षात येईल, त्यांच्या कंपन्या दोन्ही बाजूंनी अडकल्या होत्या, इकडे आयातीत आणि तिकडे चीनच्या बाजारात. मतदान कसं झालं तेही बघण्यासारखं आहे, १० देश बाजूने, ५ विरोधात आणि तब्बल १२ तटस्थ.

उलट दिशेने, व्होल्वो ही चिनी जीलीच्या मालकीची, तिने ईएक्स३० चं उत्पादन बेल्जियममधल्या गेंटलाही आणलं. बीवायडीने हंगेरीत सेगेडला कारखाना काढायचं डिसेंबर २०२३ मधेच जाहीर केलं होतं, म्हणजे ड्युटी प्रत्यक्ष लागायच्या दहा महिने आधी. टॅरिफने नेमकं काय हलवलं हे किमतींच्या तक्त्यात शोधत बसू नका, कारखान्यांच्या घोषणांमधे शोधा.

ब्राझीलची पद्धत यात सगळ्यात उघडी आहे. तिथे पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर आयात शुल्क काही वर्षं शून्य होतं, मग जानेवारी २०२४ पासून १० टक्के, जुलै २०२४ ला १८, जुलै २०२५ ला २५ आणि जुलै २०२६ ला ३५ अशी शिडी आधीच जाहीर करून टाकली. आधीच जाहीर करण्याचा अर्थ असा की या मधल्या काळात कारखाना काढा नाहीतर महाग व्हा. बीवायडीने बाहिया राज्यात कमासारीला फोर्डने सोडलेली जागा घेतली, आणि प्रत्येक पायरी चढायच्या आत बोटी भरभरून गाड्या पण आणल्या. भारताने मार्च २०२४ मधे आणलेली योजना याच जातीची, ३५,००० डॉलरच्या वरच्या मोजक्या गाड्या (वर्षाला ८,००० पर्यंत) १५ टक्क्यांनी आणू देतो पण बदल्यात ४,१५० कोटी रुपये गुंतवा आणि तीन वर्षांत इथे उत्पादन सुरू करा.

इथे एक सावधगिरी. "कारखाना सुरू झाला" म्हणजे काय सुरू झालं ते विचारा. बऱ्याचदा पहिली काही वर्षं जवळजवळ तयार गाडीच सुट्या संचात येते आणि इथे नुसते बोल्ट आवळतात, त्या संचाला शुल्क कमी असतं म्हणून. स्थानिक भागांची टक्केवारी किती आणि कधीपर्यंत वाढवायची अट आहे, आणि बॅटरीचे सेल कुठले, या दोन गोष्टी मिळाल्या की खरं चित्र कळतं.

कुठली गाडी या जाळ्यात आहे आणि कुठली सुटली

टॅरिफ नावाने लागत नाही, कोडने लागतं. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या कारचा आंतरराष्ट्रीय कोड ८७०३.८०, प्लग-इन हायब्रिडचे (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्या) ८७०३.६० आणि ८७०३.७०, लिथियम-आयन बॅटरीचा ८५०७.६०. आदेशात यातले कुठले आहेत ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे. युरोपच्या आदेशात फक्त पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, हायब्रिड बाहेर राहिल्या, आणि मग चिनी कंपन्यांनी युरोपात प्लग-इन हायब्रिड पाठवायचा सपाटा लावला. यात कोणी लबाडी केली असं म्हणता येत नाही, दार उघडं ठेवलं तर माणूस दारातूनच येणार. पण इलेक्ट्रिकला प्रोत्साहन द्यायचं म्हणणाऱ्या ठिकाणी पेट्रोलची टाकी असलेली गाडी करात स्वस्त पडते, हा विनोदच आहे.

सुटे भाग आणि बॅटरी वेगळ्या तपासा. अमेरिकेने चिनी गाडीवर १०० केले तेव्हाच गाड्यांच्या लिथियम-आयन बॅटरीवरचा दर ७.५ वरून २५ टक्के केला. गाडी अडवणं सोपं आहे, पण बॅटरीशिवाय आपल्याच कंपन्यांचं काम थांबतं म्हणून तिथे हात आखडता.

सबसिडी: पैसा कोणाच्या हातात पडतो

सबसिडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खरेदीदाराला मिळणारी सूट येते, पण ती सगळ्यात दिसणारी म्हणून, सगळ्यात मोठी म्हणून नव्हे. पैसा चार-पाच नळांनी येतो. खरेदीदाराला रोख किंवा टॅक्समधे, उत्पादकाला प्रत्येक नगामागे, कारखान्याला जमीन-कर्ज-वीज यात, सरकारी खरेदीतून, आणि एक नळ असा आहे की ज्यात सरकारचा पैसाच नसतो, तो म्हणजे उत्सर्जनाच्या नियमांतून मिळणारे क्रेडिट. ज्यांच्या पेट्रोल गाड्या मर्यादेबाहेर जातात त्या कंपन्या इलेक्ट्रिकवाल्यांकडून क्रेडिट विकत घेतात. टेस्लाने एकट्या २०२४ मधे अशी २.७६ अब्ज डॉलरची क्रेडिट्स विकली. बजेटमधे ही रक्कम कुठेच दिसणार नाही.

अमेरिकेचं २०२२ चं इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट नीट उलगडून बघा, बाकीच्या देशांचे कागद वाचायची सवय त्यातून लागते. मथळा होता खरेदीदाराला ७,५०० डॉलर. प्रत्यक्षात ३,७५० चे दोन तुकडे, एक बॅटरीतल्या खनिजांसाठी, एक बॅटरीच्या भागांसाठी, दोन्हींच्या अटी वेगळ्या. गाडी उत्तर अमेरिकेत जुळलेली हवी. सेडान असेल तर ५५,००० च्या आत, एसयूव्ही किंवा पिकअप असेल तर ८०,००० च्या आत. खरेदीदाराचं उत्पन्न एकट्याचं दीड लाख, जोडप्याचं तीन लाख डॉलरच्या आत. आणि पुढे चीनसारख्या ठरवलेल्या देशांचा बॅटरीत हात असेल तर गाडी पूर्णच बाद. एवढ्या चाळणीतून फार कमी मॉडेल पूर्ण ७,५०० घेऊन बाहेर पडली. पण त्याच कायद्यात व्यावसायिक वाहनांचं वेगळं कलम होतं, लीजवर दिलेली गाडी त्यात बसायची आणि तिथे यातल्या बहुतेक अटी नव्हत्या, त्यामुळे परदेशात बनलेल्या गाड्या लीजवर धडाधड जाऊ लागल्या. अटींचं पान वाचताना "याच कायद्यात दुसरं कलम कुठलं" हे विचारायची सवय लावून घ्या.

उत्पादकाचा नळ तर बातम्यांत येतच नाही. त्याच कायद्यात अमेरिकेत बनलेल्या बॅटरी सेलला दर किलोवॉट-तासामागे ३५ डॉलर आणि मॉड्यूलला (सेल जुळवून केलेला संच) १० डॉलर ठेवले होते. ६० किलोवॉट-तासाची बॅटरी घ्या, ३५ अधिक १० म्हणजे ४५, गुणिले ६०, झाले २,७०० डॉलर एका गाडीमागे, थेट बनवणाऱ्याला. गिऱ्हाईकाच्या बिलावर याची एक ओळ नाही. जुलै २०२५ मधे ट्रम्प सरकारने कायदा बदलून खरेदीदाराचे ७,५०० बंद केले, ३० सप्टेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरली, पण बॅटरी बनवणाऱ्याची सवलत जादा अटी घालून चालूच राहिली. "अमेरिकेने ईव्ही सबसिडी बंद केली" हा मथळा म्हणून अर्धाच खरा.

काही सबसिड्या म्हणजे वेश बदलून आलेलं टॅरिफच. फ्रान्सने २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीवरच्या आपल्या बोनसला गाडी बनवताना किती कार्बन सुटला त्याच्या गुणांची अट घातली. कोळशाच्या विजेवर बनलेली आणि बोटीने लांबून आलेली गाडी त्यात आपोआप नापास, डाचिया स्प्रिंग, एमजी४ आणि शांघायची टेस्ला मॉडेल ३ बाहेर गेल्या, कुठेही चीनचं नाव न लिहिता. ब्रिटनने जुलै २०२५ मधे आणलेल्या ३,७५० पौंडांपर्यंतच्या अनुदानाचंही तेच, कारखान्याच्या विजेचा हिशोब धरल्यावर चीनमधे बनलेल्या गाड्या बाहेरच राहिल्या. आणि हा खेळ युरोपने शोधला असं पण नाही बरं का. चीनने २०१५ ते २०१९ या काळात सबसिडीसाठी मान्य बॅटरी कंपन्यांची यादी ठेवली होती, त्यात एलजी आणि सॅमसंगला जागा मिळाली नाही आणि सीएटीएल, बीवायडी या चिनी कंपन्या त्या सावलीत वाढल्या. आजच्या ड्युटीचं मूळ बऱ्याच अंशी त्या यादीत आहे असं मला वाटतं.

चीनच्या सबसिडीचा एकूण आकडा कोणी तोंडावर फेकला तर त्यात काय धरलंय ते विचारा. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेचा अंदाज २००९ ते २०२३ मिळून २३०.९ अब्ज डॉलर आहे, पण त्यात खरेदी सूट, खरेदी करातली माफी, चार्जिंगची सोय, संशोधन आणि सरकारी खरेदी एवढं सगळं आहे. खरेदीवरची केंद्राची थेट सूट २०२२ च्या शेवटी संपली, करमाफी २०२५ पर्यंत पूर्ण आणि २०२६-२७ मधे अर्धी. म्हणजे "चीन आजही प्रत्येक गाडीमागे पैसे वाटतो" आणि "चीनने सबसिडी बंद केली" ही दोन्ही वाक्यं लोक ठासून म्हणतात आणि दोन्ही अर्धवट.

मर्यादेची किंमत दिली असेल तर त्या आकड्याच्या जरा खाली किती मॉडेल येऊन बसलीत ते बघा. जानेवारी २०२३ मधे टेस्लाने मॉडेल वायची किंमत उतरवली तेव्हा त्या गाडीचे बरेच प्रकार सेडानच्या ५५,००० च्या मर्यादेत धरले जात होते, महिन्याभरात सरकारने व्याख्या बदलून तीच गाडी एसयूव्हीत टाकली आणि मर्यादा ८०,००० झाली. एका व्याख्येने २५,००० डॉलरची जागा मोकळी.

तारखा, आणि त्यांच्या आधीची झुंबड

जर्मनीने डिसेंबर २०२३ च्या मधेच खरेदी अनुदान एका झटक्यात बंद केलं, न्यायालयाच्या निकालाने बजेटला खड्डा पडला म्हणून, आणि २०२४ मधे तिथल्या इलेक्ट्रिक कारची नोंदणी २७.४ टक्क्यांनी घटली. अशी घट दिसली की लगेच "लोकांना इलेक्ट्रिक नकोय" असं लिहिणारे तयार असतात. अमेरिकेत पण तसंच, सप्टेंबर २०२५ पर्यंत रांगा आणि मग ऑक्टोबरमधे एकदम थंडी. तारखेच्या आधीच्या तीन महिन्यांची आणि नंतरच्या तीन महिन्यांची विक्री एकत्र करून सरासरी काढा, मगच बोला. नॉर्वेने याच्या उलट केलं, २५ टक्के व्हॅटची माफी कित्येक वर्षं ठेवली, २०२३ पासून ती ५ लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीपुरती केली आणि हळूहळू आवळली, २०२४ मधे तिथल्या नव्या कारपैकी ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. स्वतःचा कार उद्योग नसल्यामुळे चिनी गाड्यांवर जादा ड्युटी लावायची गरज पण त्यांना वाटली नाही, हे विसरू नका.

टॅरिफ तात्पुरतं आहे असं कोणी सांगितलं तर अमेरिकेचं पिकअपवरचं २५ टक्के शुल्क आठवा. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क लावलं म्हणून १९६४ मधे ते बदला म्हणून आलं. कोंबड्यांचं भांडण कधीच विसरलं गेलं, शुल्क अजून आहे.

बिल भलत्याच माणसाला जातं

समोरचा देश उत्तर देणार आणि ते गाड्यांमधे देणार नाही. युरोपच्या चौकशीच्या काळात चीनने ब्रँडी, डुकराचं मांस आणि दुधाच्या पदार्थांची चौकशी उघडली. कॅनडाने १ ऑक्टोबर २०२४ पासून चिनी ईव्हीवर १०० टक्के लावले तेव्हा मार्च २०२५ मधे चीनने कॅनोला (मोहरीच्या जातीची तेलबी) तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के लावले, म्हणजे ओंटारियोच्या कार कामगाराला वाचवायचा खर्च पश्चिम कॅनडाच्या प्रेअरीतल्या शेतकऱ्याने भरला. शेवटी जानेवारी २०२६ मधे कॅनडाने वर्षाला ४९,००० चिनी गाड्या ६.१ टक्क्यांनी येऊ द्यायचं मान्य केलं आणि बदल्यात कॅनोलाचा प्रश्न सैल केला. अशा कोट्याच्या बातमीत टक्क्यापेक्षा नग महत्त्वाचे, कोटा संपला की त्यावरच्या गाडीला काय लागतं ते शोधा. आणि दुसरं उत्तर कच्च्या मालातून येतं. चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्रॅफाइटला आणि एप्रिल २०२५ पासून काही दुर्मिळ खनिजांना निर्यात परवाना लावला, बॅटरी आणि मोटर दोन्हींचा गळा तिथे आहे.

प्रत्यक्ष कोणी भरलं हे तपासायचं कसं

जाहीर किंमत एकटी बघू नका. तेच मॉडेल, तीच बॅटरी, टॅरिफच्या एक महिना आधी आणि सहा महिन्यांनंतर, आणि सोबत कर्जाचा व्याजदर, लीजचा हप्ता, फुकट दिलेली वॉरंटी. कंपन्या किंमत तशीच ठेवून हप्त्यात फिरवाफिरव करतात. युरोपच्या बाबतीत एक सोयीची तुलना आयती मिळते, ब्रिटनने चिनी गाड्यांवर जादा ड्युटी लावली नाही, नेहमीचे १० टक्केच ठेवले. एकच गाडी ब्रिटनमधे आणि फ्रान्स-जर्मनीत व्हॅट वगळून किती पडते ते दोन्ही वेळेला काढा, फरक रुंदावला तेवढं टॅरिफ गिऱ्हाईकापर्यंत पोचलं असं ढोबळमानाने धरता येतं. सबसिडीसाठी पण हीच युक्ती, अनुदान जाहीर झाल्यावर यादीतली किंमत चुपचाप वर सरकली का ते बघा, सरकली असेल तर अनुदान कंपनीने खाल्लं.

स्वतः गाडी आणणारे किंवा बुकिंग करून बसलेले असाल तर शेवटची गोष्ट म्हणजे कुठली तारीख मोजतात ते आदेशातच वाचा, बातमीत नाही. गाडी बोटीवर चढली ती, बंदरात कस्टम झालं ती, का गाडी हातात आली ती? अमेरिकेत ३० सप्टेंबरच्या बाबतीत त्या तारखेपर्यंत पक्का लेखी करार आणि काही रक्कम भरलेली असली तर डिलिव्हरी नंतर झाली तरी चाललं, हे ज्यांनी वाचलं त्यांचे ७,५०० वाचले. युरोपात जुलै २०२४ मधे तात्पुरती ड्युटी आली ती आयातदारांकडून फक्त हमी म्हणून घेतली होती, आणि अंतिम आदेश आल्यावर ती वसूल केलीच नाही. त्या चार महिन्यांत "ड्युटी लागली" म्हणून विक्रेत्याने किंमत वाढवून दिली असेल तर ती वाढ कोणाकडे राहिली हे त्यालाच विचारावं लागेल.